छपरावर नको, अंगणात चालेल

पत्र औसा तालुक्यातून आलंय, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचं. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र चांगलं तीन पानी आहे. त्यातलं लागेल तेवढं इथे देतो.

"दादा, घर आमचं पत्र्याचं, आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन लेकरं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज पहाटे साडेचारला उठून मी आंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवते. तुराट्या, पऱ्हाट्या, गवऱ्या, घरात असेल ते. डोळे चुरचुरतात, साडीला धुराचा वास लागतो आणि तोच घेऊन शाळेत जाते. मिस्टर म्हणतात, गॅस गिझर बसवू. थोरला बारावीला आहे, तो सोलर म्हणतो. सासूबाई दोन्हीला नाही म्हणतात. 'घरावर पाण्याचा हौद ठेवला तर मी त्या घरात झोपायची नाही,' असं त्यांनी सरळ सांगितलंय. आमची साधी पाण्याची टाकीसुद्धा त्यांच्यापायी अंगणात लोखंडी स्टँडवर आहे. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही. पहाटे लाईटचा भरवसा नाही. रात्री सासूबाईंना थंडी सोसत नाही म्हणून दार-खिडकी लावून त्यांच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवतो. खर्च तीस हजारांपर्यंत झेपेल. काय घ्यावं ते लवकर सांगा."

ताई,

लवकर काही घेऊ नका. लवकर एकच करा, आज रात्रीपासून ती शेगडी खोलीबाहेर काढा. तुमच्या पत्रात ती शेवटी, जाता जाता आली आहे. मी मात्र तिथेच अडकलो. कोळसा कोंदट जागेत अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर झाला तर माणूस खोकत उठून दार तरी उघडतो. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आपण म्हणतो आता छान उबारा झाला, आणि धोका नेमका तिथून सुरू होतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. जागा माणूस धडपडून बाहेर तरी येईल, झोपलेल्याला काही कळत नाही. सासूबाईंच्या उबेची सोय आपण करू, खाली लिहिलीय. पण शेगडी आजच बाहेर.

मिस्टरांचा गॅस गिझर हा याच शेगडीचा शहरात राहून आलेला भाऊ. तुमच्या न्हाणीला खिडकी आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे बहुतेक न्हाण्यांना नसते, आणि असली तरी थंडीत तिच्यात पोतं कोंबलेलं असतं. चार बाय सहाची जागा, आत बर्नर जळतोय, दार लावून माणूस आंघोळ करतोय. कोणी चक्कर येऊन पडलं तर बाहेरच्यांना वाटतं पाय घसरला. गॅस गिझर घ्यायचाच झाला तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यायची. दुकानदार "आत लावला तरी चालतो साहेब" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आता हिशेब. मी आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकणाऱ्या पोरांना शिकवण्यात अख्खी नोकरी काढली, त्यामुळे हिशेबाशिवाय मला पुढे जाता येत नाही. आंघोळीची बादली १८ लिटरची धरू. टाकीतलं पाणी पहाटे १८ अंशांवर असतं, अंगाला हवं ४२ अंशांचं. एवढं पाणी एवढं तापवायला अर्धा युनिट वीज लागते. मग रॉड लावा, गिझर लावा, साधा घ्या की पाच चांदण्यांचा (फाइव्ह स्टार) घ्या, पाण्यात जाणारा अर्धा युनिट कोणालाच चुकत नाही. चांदण्या वाढल्या की फक्त टाकीत साठलेल्या पाण्याची ऊब वाया जाण्याचं प्रमाण कमी होतं. पाच माणसांचे अडीच युनिट, इकडचं तिकडचं धरून तीन. महिन्याला नव्वद. शंभर युनिटांच्या पुढचा दर दहाच्या घरात धरला तर नऊशे रुपये नुसत्या आंघोळीचे. तेवढंच पाणी गॅसवर तापवलं तर रोज पाव किलो गॅस, म्हणजे एक सिलिंडर जेमतेम दोन महिने. बंबाला रोज अडीच-तीन किलो सरपण. त्यातली पाऊण उष्णता बंबाच्या मधल्या नळीतून वर निघून जाते आणि सोबतीला तुमचे डोळे.

यात एक फुकटची गोष्ट सांगतो. बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट लागतं ना? जमिनीच्या पोटात वर्षभर साधारण सारखंच तापमान असतं, म्हणून ते पंचवीसच्या आसपास येतं. तेच पाणी स्टँडवरच्या टाकीत रात्रभर उघड्यावर राहिलं की १८ अंशांवर उतरतं. जोवर बंब चालू आहे तोवर, पहाटे लाईट असेल त्या दिवशी मोटर लावून बंब थेट बोअरच्या पाण्याने भरा. सरपण चांगलं पाव हिश्शाने वाचेल.

आता सासूबाईंकडे येतो, कारण या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांचं आहे.

ताई, थोरला बारावीला म्हणजे सासूबाई सत्तरीच्या आसपास असणार. ३० सप्टेंबर १९९३ ला त्या चाळिशीच्या होत्या. किल्लारी तुमच्याच तालुक्यातलं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती जमिनीने मारली नाहीत. माळवदाच्या खाली गेली. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि डोक्यावर दर पावसाळ्याआधी थर चढवत नेलेली माती, दीड-दोन फुटांची. आमच्या लातुरातही त्यानंतर लोक महिनाभर अंगणात, रस्त्यावर झोपले. पक्की घरं असलेलेसुद्धा. तेव्हापासून आपल्या भागात कितीतरी म्हाताऱ्यांना डोक्यावर पत्रा चालतो, ओझं चालत नाही. साधी टाकी अंगणात ठेवायला लावणारी बाई सोलरला विरोध करतेय असं तुम्हाला कसं वाटलं? त्यांचं नाही सोलरला नाहीच आहे. ते छपरावरच्या ओझ्याला आहे.

आणि ओझ्याचं म्हणाल तर त्यांचं काही चुकत नाही. शंभर लिटरचं सोलर म्हणजे टाकीतलं शंभर लिटर पाणी, नळ्यांत आणखी पंचवीस-तीस लिटर, वर टाकी आणि लोखंडी सांगाडा. पावणेदोनशे किलो कुठे गेलं नाही. पत्रा पेलणाऱ्या कैचीवर हे ठेवायचं काम नाही. ठेवायला तयार असणारा फिटर भेटेल, त्याला घरी चहा पाजून परत पाठवा.

सोलर जमिनीवर बसतं, ताई. शहरात ते गच्चीवर दिसतं कारण शहरात अंगण उरलेलं नाही. तुमच्याकडे आहे. न्हाणीच्या जवळ अडीच फूट उंचीचा पक्का ओटा बांधा आणि त्यावर स्टँड बोल्टने आवळा. नळ्या तिरप्या असतात, टाकी त्यांच्या डोक्यावर असते, म्हणजे टाकीचा तळ जमिनीपासून सहा फुटांवर येतो. न्हाणीतली तोटी दोन फुटांवर. मधल्या चार फुटांच्या उताराने पाणी आपसूक बादलीत पडतं, मोटर लागत नाही, लाईट लागत नाही. शॉवर मात्र विसरा. एक काळजी घ्या. तुमची स्टँडवरची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा बरीच उंच असणार, आणि ही साधी सोलरची टाकी तेवढा दाब सोसायला बनवलेली नसते. मध्ये बॉलकॉकची, म्हणजे भरली की पाणी आपोआप बंद करणारी, एक छोटी टाकी घ्यायला लावा. वाफेची नळी उघडी ठेवायची, तिला बूच मारायचं नाही. ओट्याजवळ वासरू बांधायचं नाही आणि धाकट्याला क्रिकेट दुसऱ्या बाजूला खेळायला सांगा. नळ्या काचेच्या आहेत.

दुकानात दोन प्रकार दाखवतील. एक सपाट काचेची पेटी, आत तांब्याच्या बारीक नळ्या. दुसरा दुहेरी काचेच्या काळ्या नळ्यांचा, दोन काचांच्या मध्ये हवा काढून घेतलेली, थर्मासच्या बाटलीसारखी. तुमच्या पाण्याला दुसरा. इथे माझा घरचा अनुभव सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी मोठ्या ऐटीत तांब्याचं घेतलं. तांबं म्हणजे पिढीजात टिकणार असा माझा समज. पहिल्या थंडीत पाणी हाताला चटका देई. तिसऱ्या थंडीत कोमट यायला लागलं. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणे, "ढगाळ आहे ना साहेब." डिसेंबरात! शेवटी एका रविवारी मीच एक नळी खोलली आणि मधोमध कापली. करंगळी जाईल एवढ्या नळीत काडेपेटीची काडी जाईना. आत चुन्याचा पांढरा, दगडासारखा थर. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. पाणी तापलं की तो विरघळलेला राहत नाही, जिथे ऊब जास्त तिथे जाऊन चिकटतो. तुमच्या पातेल्याच्या तळाला जे दिसतं तेच. ऊन आपल्याकडे कोणी चोरत नाही. सोलर मरतं ते पाण्याने.

काचेच्या नळीचं तोंड रुंद असतं, चुना तळाशी जाऊन बसतो आणि नळी बाहेर काढून धुता येते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, लिंबूसत्त्वाचं पाणी घालून ठेवायचं आणि बाटलीच्या ब्रशने घासायचं. रबरी रिंगेला साबणाचं पाणी लावून नळी गोल फिरवत बसवायची, ठोकायची नाही. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडका असतो. तो झिजतो म्हणून टाकी टिकते. फिटरला "दांडका दाखव" म्हणा, वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागेल. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसीची हवी. साधी पांढरी पीव्हीसी त्या पाण्याने मऊ पडून वाकते. शंभर लिटर तुम्हाला पुरतं. टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत ५० अंशांच्या आसपास राहिलं तरी विसण घालून पाच बादल्यांना पासष्ट-सत्तर लिटर लागतात. दीडशे-दोनशे लिटरचा आग्रह दुकानदाराचा असतो. आणि हे सगळं तीस हजारांत आरामात बसतं, ओट्यासकट.

लांब नळी घेऊ नका. ४० फूट पाऊण इंची नळीत तीन लिटर पाणी उभं असतं. पहाटे तोटी सोडली की आधी ते थंड पाणी पडतं, मग गरम येतं. पाच जण वेगवेगळ्या वेळी न्हायले तर रोज १५ लिटर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षी आम्ही लातूरकर पाणी पेल्याने मोजायला शिकलो. तेव्हापासून आमच्या तोटीखाली पहिल्या पाण्याला वेगळी कळशी असते, तेच पाणी विसणाला.

आणि उन्हाळ्याचं लक्षात ठेवा, हे तुम्हाला दुकानात कोणी सांगणार नाही. एप्रिल-मेमध्ये बोअर आटलं, टाकी रिकामी झाली आणि नळ्या कोरड्या उन्हात राहिल्या, तर त्या आत दोनशे अंशांच्या पुढे तापतात. टँकर दुपारी आला म्हणून त्यात गार पाणी सोडलं की काच तडकते. पाणी भरायचं ते उजाडण्याआधी किंवा रात्री नळ्या निवल्यावर. त्यापेक्षा शिमगा झाला की नळ्यांवर बारदाना टाकून दोरीने बांधूनच टाका. तुम्हाला तसंही उन्हाळ्यात गरम पाणी कुठे हवंय?

मुलाला सांगा की वीज बनवणारं सोलर आणि पाणी तापवणारं सोलर ही दोन वेगळी जनावरं आहेत. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत, ते विजेच्या पॅनेलला मिळतं. या नळ्यांना नाही. पॅनेल घ्यायचं तर तो पुढचा, वेगळा खर्च. गोबरगॅसचंही कोणी सुचवेल. त्याला रोज पंचवीस किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आणि तो नेमका थंडीतच सुस्तावतो. तुमच्या दावणीला किती जनावरं आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारा हीट पंप चांगला असतो, एका युनिटात तीन युनिटांची उष्णता देतो, पण किंमत तुमच्या बजेटबाहेर आणि पहाटेच्या व्होल्टेजवर त्याचा जीव जाईल.

बंब विकू नका. भंगारवाला तांब्याला भाव चांगला देईल, तरी नका. पाऊसकाळात आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा सोलर बसतं, बंब उभा राहतो. अभ्यंगाच्या पहाटे तर सासूबाई सोलरच्या पाण्याने कोणाला न्हाऊ देतील असं मला वाटत नाही. वर्षाला वीस-पंचवीस दिवसांचं सरपण, आणि ते पेटवायला मिस्टरांनी उठावं. हे माझं मत आहे, तुम्ही विचारलं नव्हतंत.

राहिली सासूबाईंची ऊब. पत्रा रात्री उघड्या आभाळाकडे ऊब टाकून देतो. म्हणून पत्र्याचं घर संध्याकाळी आठलाच गार पडतं आणि माळवदाचं पहाटेपर्यंत उबदार राहायचं. पत्र्याखाली खोलीपुरतं सीलिंग करून घ्या, मधल्या हवेचा थर राहिला की फरक हाताला कळतो. दक्षिणेची खिडकी असेल तर ती अकरा ते तीन उघडी ठेवायची, ऊन थेट पलंगावर येऊ द्यायचं, चारला लावून पडदा ओढायचा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची वळकटी. जमिनीवर झोपत असतील तर खाली चटई, तिच्यावर वाकळ. पांघरायची एक वाकळ वाढवण्यापेक्षा अंगाखालची वाढवलेली जास्त कामी येते. आणि रात्री नऊला सोलरच्या तोटीतून रबरी पिशवी भरून, टॉवेलात गुंडाळून, पायाशी ठेवायची. खोली तापवणारा दोन हजार वॅटचा हीटर सहा तासांत १२ युनिट खातो. पायाशी ठेवलेली ती पिशवी फुकट पडते, आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी पायांतूनच चढते.

ओटा कुठे बांधायचा हे मी इथून सांगू शकत नाही, ते सासूबाईंनी ठरवावं. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं आणि थंडीतलं सकाळी नऊ ते चारचं ऊन त्यांच्यावर अडथळ्याशिवाय पडायला हवं. गंमत अशी की उन्हाळ्यात जागा पाहिली तर फसगत होते. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य तुमच्याकडे ४८ अंशांवरच असतो. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा नऊ फूट पडते आणि सकाळी नऊला वीस फुटांपर्यंत लांबते. शेजारच्यांची भिंत, लिंब, चारा रचलेली गंज, सगळं यात धरा. पोराला चुन्याची फक्की द्या. एखाद्या रविवारी सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला आणि चारला सावलीच्या कडेने रेघ ओढायला सांगा. तिन्ही रेघांच्या बाहेर उरेल त्या जागेत सासूबाईंना खुर्ची टाकून बसवा आणि विचारा, आई, ओटा इथे चालेल का? चालेल म्हणाल्या की तिथून न्हाणीच्या भिंतीपर्यंत दोरीने मोजा आणि मला फूट कळवा. नळी किती जाडीची घ्यायची ते मग सांगतो.